दुर्बिणीचं मुसकं

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मला जांभई येते. तळेगावच्या एका कंपनीत सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. पार्ट गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर रिजेक्ट... मधलं काही नसतं. असल्या सदरांतले अनुभव वाचून "यांना झोप कमी पडते" असं बायकोला ऐकवणारा माणूस मी. आज त्याच लोकांच्या रांगेत येऊन उभा राहिलोय, तर हसा खुशाल. फक्त पूर्ण वाचून हसा.

माझी बायको वृंदा लोणावळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. आम्ही राहतो घोरावाडी स्टेशनच्या मागच्या बाजूला, त्यामुळे सकाळची लोकल पकडायला तिला चालत चार मिनिटं लागायची. तिला वेड एकच — दुर्बीण. आठ इंची आरसा, पाण्याच्या पाइपसारखी जाडजूड नळी आणि खाली फिरतं लाकडी बूड. मोटर वगैरे काही नाही. पृथ्वी फिरते त्यामुळे ग्रह नजरेतून निसटतो, म्हणून हातानं नळी हळूहळू सरकवत राहायचं. ग्रह बरोबर मधोमध आणून हात सोडला, तर पाऊण मिनिटात तो काठाला लागतो आणि मग बाहेर. हे मी घड्याळ लावून मोजलेलं आहे. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एवढ्या मोठ्या आरशात गुरू नुसता झगझगायचा आणि हवा हलत असली की तापल्या तव्यावरच्या थेंबासारखा थरथरायचा. वृंदानं त्यावर उपाय काढला. लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानातून एक मोठं खोकं मागून आणलं, नळीच्या तोंडावर बसेल असं गोल झाकण कापलं आणि त्यात एका बाजूला वाटी ठेवून तिच्या मापाचं भोक पाडलं. मधोमध नाही, कारण मध्ये दुर्बिणीचा छोटा आरसा आडवा येतो. शाळेतले फळे रंगवून उरलेला काळा रंग आतून फासला. मी म्हणालो, "एवढी महागाची दुर्बीण घेतलीस आणि आता तिचं तोंड बांधतेस?"

"तुम्ही कमी बोललात की मला जास्त समजतं ना? तसंच आहे ते," ती म्हणाली. आणि खरंच, झाकण लावलं तर गुरूचे पट्टे मोजून घ्यावेत इतके नीट.

आमच्या सोसायटीच्या गच्चीचा स्लॅब दिवसभर तापतो आणि संध्याकाळभर वाफ सोडतो. तिथून ग्रह धड दिसत नाहीत. म्हणून आम्ही दुर्बीण गाडीत घालून गडाच्या पायथ्याच्या तिकोणा पेठेत जायचो, माझ्या एका सहकाऱ्याच्या आईकडे, सखूमावशींकडे. घरामागे गवताचं परडं आणि समोर किल्ला. मावशींनी ते झाकण पहिल्यांदा बघितलं तेव्हा तोंडाला पदर लावून हसत सुटल्या. "मळणीला बैलानं त्वांड घालू नये म्हणून मुसकं बांधत्यात, तसंच की वो ह्ये." तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव मुसकं.

आमचा नियम होता, पाच-पाच मिनिटं एकेकानं बघायचं. माझी वेळ संपली की वृंदा पुढे होऊन मुसक्याच्या भोकावर तळहात ठेवायची. तिचा तळवा त्यावर नेमका बसायचा. आत गुरू एकदम गडप, मिट्ट काळोख, आणि वरून आवाज, "उठा. आता मी."

मग ती चष्मा काढून बसायची. मायनस अडीच. फोकसची चाकी स्वतःच्या डोळ्यांप्रमाणे फिरवायची आणि माझ्या वेळेला सगळं पुसट करून ठेवायची. एकदा कुरकुर केली तर म्हणाली, "खिशातली चाळिशी लावा. तुमची प्लस अडीच आहे ना? ती लावली की तुमचा डोळा माझ्यासारखा अधू होतो. मला दिसतं तसंच दिसेल तुम्हाला." लावली. लख्ख दिसलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या संध्याकाळी गुरूच्या एका चंद्राची सावली गुरूवरून सरकत जाणार होती. वृंदा महिनाभर त्या दिवसाची वाट बघत होती. शाळेत मुलांना सांगून झालं होतं, वहीत वेळ लिहून ठेवली होती. पहिल्यांदा मला बसवलं. खरं सांगतो, तोवर मी तिच्यासोबत जायचो ते सोबत म्हणून. पण त्या दिवशी मला तो ठिपका दिसला... टाचणीच्या डोक्याएवढा, काळाभोर, गुरूच्या अंगावर. मी हरवूनच गेलो. पाच मिनिटांनी अंधार झाला. "उठा. आता मी." मी म्हणालो, "थांब गं, दोनच मिनिटं." तिनं हात काढला. ती दोन मिनिटं किती लांबली मला माहीत नाही. मी उठलो तोवर लोणावळ्याच्या बाजूनं ढग सरकत आले होते. वृंदा बसली, डोळा लावला, चाकी थोडी फिरवली आणि म्हणाली, "असू दे. पुढच्या वेळी."

पुढची वेळ आली नाही. मे महिन्यात मेंदूत रक्तस्राव झाला आणि दोन दिवसांत ती गेली. माणूस गेलं की लोक मोठमोठ्या गोष्टी आठवून रडतात. मला त्या खाल्लेल्या पाच मिनिटांनी झोपू दिलं नाही.

दुर्बीण दोन वर्षं हॉलच्या कोपऱ्यात चादर पांघरून उभी होती. यंदा ठरवलं, तिच्या शाळेला देऊन टाकायची. त्याआधी एकदा शेवटचं बघावं म्हणून ॲपमध्ये तशीच सावलीची वेळ शोधली. सावली पावणेआठला गुरूवरून उतरणार होती. फेब्रुवारीतला गुरुवार मिळाला. त्यात काही शोधू नका, आमच्या एमआयडीसीची सुट्टीच गुरुवारी असते. शनिवार टाळला ते बरंच झालं, नाहीतर पवनेकाठच्या तंबूवाल्यांचा डीजे कानाशी असतो.

सव्वासातला परड्यात दुर्बीण लावली, मुसकं बसवलं. मावशी मागच्या ओट्यावर पावट्याच्या शेंगा सोलत होत्या. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ, वारा नाही. फोकस लावला आणि ठिपका दिसला. अगदी तसाच. मी नळी सरकवत बघत राहिलो.

आणि अंधार झाला.

ग्रह निसटतो तेव्हा काठाकडे सरकत जातो, हळूहळू. हे तसं नव्हतं. दिवा मालवावा तसं सगळं एकदम गेलं. मान वर केली. गुरू डोक्यावर चमकत होता, मुसकं जागेवर होतं, नळीपुढे काही नाही. डोळा लावला तर गुरू होता, थोडा काठाकडे गेलेला. मी त्याला मध्ये आणलं. पुन्हा अंधार. दव म्हणावं तर काच कोरडी. डोळा म्हणावा तर दुसऱ्या डोळ्याला मावशींच्या ओट्यावरचा बल्ब व्यवस्थित दिसत होता.

तिसऱ्यांदा अंधार झाला तेव्हा मी मान वर केलीच नाही. त्या काळोखात तसाच बघत बसलो. घड्याळात सात चौतीस झाले होते. मी बसलो होतो सात अठ्ठावीसला.

मला भीती वाटली नाही. कुणाला खोटं वाटेल, पण मला एकदम हायसं वाटलं. मी स्टूलवरून उठलो, मोठ्यानं म्हणालो, "बस. आता तू," आणि ओट्यावर जाऊन बसलो.

"कुणाशी बोलता वो भाऊ?" मावशींनी विचारलं.

"कुणाशी नाही. पाच मिनिटं थांबतोय."

मावशी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "बाई बी हितंच बसायच्या. तुमचं बगून हुईस्तोवर."

मी विचारलं, "मावशी, शेवटचं आलो होतो तेव्हा मी तिला बघू दिलं नाही. रागावली होती का हो?"

"राग? न्हाई बा. हसत हुत्या. मी म्हनलं, उटवा की त्यास्नी, ढग याया लागलं. तर म्हनल्या, मावशी, आज पयल्यांदा गोडी लागलीया त्यांना. बगू द्या. मी काय, कवाबी बगंन."

दोन वर्षं मी समजत होतो की तिला ढग दिसले नाहीत. तिला दिसले होते. मला खूप रडू आलं आणि मी मावशींसमोर रडलो. त्यांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिल्या.

सात एकेचाळीसला मी दुर्बिणीशी गेलो. सात मिनिटं झाली होती. म्हणजे गुरू केव्हाच बाहेर गेलेला असणार, आता पुन्हा शोधावा लागणार. सवयीनं डोळा लावला.

गुरू मधोमध होता.

मधोमध, पण पुसट. पट्टे एकमेकांत मिसळलेले, ठिपक्याचा पत्ता नाही. मी जाताना फोकस लख्ख होता. हात चाकीकडे गेला आणि मी तो मागे घेतला. खिशातून चाळिशी काढली, डोळ्यांवर लावली आणि वाकलो.

सगळं स्वच्छ दिसलं. पट्टे, आणि अगदी कडेला, उतरायच्या बेतात असलेला तो काळा ठिपका.

मी तो जाईपर्यंत बघितला.

मावशींना विचारलं, मी इथे असताना दुर्बिणीपाशी कुणी गेलं होतं का? "कोन जानार? तुमच्याम्होरंच तर बसलीया मी. कुत्रं बी न्हाई फिरकलं."

नंतर मी माझ्या परीनं सगळं तपासलं. नळी वजनानं सरकते का बघितलं, सरकत नाही. सरकली असती तरी सात मिनिटं नेमकी आकाशाच्या वेगानं, गुरूच्या मागे मागे कशी सरकेल? फोकसची चाकी घट्ट आहे, धक्क्यानं फिरत नाही. मीच भानावर नव्हतो आणि मीच सगळं केलं म्हणावं, तर मी ओट्यावर होतो, मावशींचा हात माझ्या पाठीवर होता. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असा पार्ट हातात आलाय की जो कुठल्याच गेजमध्ये बसत नाही आणि मला रिजेक्टही करता येत नाही. कुणाला यातलं काही कळलं तर जरूर सांगा, टिंगल केलीत तरी चालेल.

दुर्बीण शाळेला दिली नाही. मुख्याध्यापकांना फोन करून माफी मागितली आणि नवीन घेऊन देतो म्हणून सांगितलं. फोकसची चाकी त्या दिवसापासून मी फिरवलेली नाही. चाळिशी लावूनच बघतो.

अजूनही सुट्टीच्या दिवशी तिकोणा पेठेत जातो. अंधार त्यानंतर एकदाही झाला नाही. तरी पाच मिनिटं झाली की मी उठतो, ओट्यावर जाऊन बसतो, घड्याळ बघतो आणि परत येऊन डोळा लावतो. ग्रह निघून गेलेला असतो.