पोर आयशीसंगं

गवत कापणीला आलं की नाही, हे माझे सासरे चावून सांगत. खरवईच्या माळावर आमचं गवताचं रान होतं, नजर पोचेल तिथवर नुसतं गवत. दिवाळी सरली की आबा कमरेइतक्या गवतात शिरायचे, एक काडी उपटून चावायचे आणि थुंकून म्हणायचे, "कच्चं हाय. नको." मग कुणाच्या बापाची बिशाद नव्हती विळा उचलायची. मी नवी सून, मला हसू यायचं. एकदा त्यांनी माझ्याच हातात काडी दिली. "चाव, बाय. हसतंस काय? उद्या तुलाच बगायचंय."

बोलणं म्हणजे त्यांना संकटच. पण घरातलं कुणी जेवायचं राहिलं असेल, तर ताटावर बसायचे नाहीत. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात आबा, त्यांचा एकुलता मुलगा म्हणजे माझे मालक, मी आणि आमचं पोरगं. भात घरापुरता, गवत विकायला. तेव्हा जवळच्या जुन्या लष्करी कॅम्पातल्या बराकींत फाळणीनंतर नुकतीच सिंधी माणसं येऊन राहिली होती. त्यांतला एक जण म्हशी पाळायचा आणि आमचे भारे घ्यायचा. तो म्हणे, "काका, घास तो अच्छी है, पर तुम बात क्यों नहीं करते?" आबा म्हणाले, "गवात म्हस खानार. मी कशाला बोलू?"

त्याच कॅम्पाकडे भारे घेऊन जाताना गाडी उतारावर कलंडली आणि माझे मालक तिच्याखाली गेले.

सुतकातच आबांनी विळा घेतला. "गवात उभं हाय. चल." लोकांनी नावं ठेवली. मीही मनात म्हटलं, माणूस आहे की दगड! पण मी गेले. कापत राहिले. रडू येत नव्हतं, भूक लागत नव्हती. विळ्याने बोट कापलं, तेही दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. आबा माझ्या पुढे कापत होते. त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.

वर्ष सरल्यावर एके दिवशी म्हणाले, "तुजा पाट लावायचा हाय. अंबरनाथचा मानूस, कारखान्यात हाय. बायको मेलेली. बरा हाय."

आमच्यात विधवेचं दुसरं लग्न लागतं, त्याला पाट म्हणतात. त्यात लपवायचं काही नाही. पण रीत अशी, की बाई जाते आणि पोर बापाच्या घरी राहतं. त्यातून हा एकुलता नातू, त्या सगळ्या रानाचा धनी. तो मिळावा म्हणून मी विचारायचं कुणाला? मी "बरं" म्हटलं.

आणि त्या दिवसापासून मीच पोराला माझ्यापासून तोडायला लागले. मी गेल्यावर त्याने रडू नये म्हणून. आबांच्या हातून जेव, आबांजवळ नीज, आबांचं बोट धर. जवळ घ्यायचं सोडलं मी त्याला. काळीज तुटत होतं असं सांगितलं तर खोटं होईल, मला काहीच होत नव्हतं. पोर आबांना चिकटलं. ते मात्र त्याला सारखे हाकलायचे, "आयशीजवल जा रं. मना काम हाय." मला वाटायचं, म्हाताऱ्याला आता पोराचाही कंटाळा आलाय. अहो, दोघांपैकी एकाने तरी तोंड उघडायचं होतं!

पाट लागला. आबा पोराला कडेवर घेऊन शिवेपर्यंत पोचवायला आले. मी गाडीत बसले आणि पोराकडे पाहायचं टाळलं. तर आबांनी त्यालाच उचलून माझ्या मांडीवर ठेवलं.

त्यांचा चुलतभाऊ मागून ओरडला, "दादा, याडा झालास का? घरचा पोर देतंस? तुजं रान कोन बगल?"

"तू बग," आबा म्हणाले. "या मानसाशी माजं बोलनं झालंय. पोर आयशीसंगं जानार."

माझा नवा नवरा होकाराची मान हलवत उभा होता. पण पोर आबांचा गळा सोडेना. मला लाथा मारतंय, "आबा, आबा" करून टाहो फोडतंय. इतकं छान शिकवलं होतं मी त्याला. आबांनी त्याचे हात ओढून सोडवले आणि गाडीवानाला म्हणाले, "हाक."

माझ्या सख्ख्या बापाने एवढं केलं नसतं.

अंबरनाथला ते कधीच आले नाहीत. दरवर्षी कुणाच्या तरी गाडीतून तांदूळ यायचे आणि निरोप यायचा, "पोराला मना इसरू दे. तवा ते तिथलं व्हईल." आणि पोर खरंच विसरलं. नव्या बापाच्या डब्यातलं खाऊ लागलं, शाळेत जाऊ लागलं.

आबा गेल्याचं कळलं तेव्हा मी त्याला घेऊन खरवईला गेले. ओट्यावर आबांना निजवलं होतं. पोराने वाकून पाहिलं.

"आई, हे कोण?"

"तुझे आबा."

"बरं," तो म्हणाला, आणि बाहेर गवताच्या गंजीवर खेळायला पळाला. त्याला कुणी हटकलं नाही.