फोटोत न उमटलेलं कुंकू

नाना गेल्याचा निरोप आला तेव्हा मी जळगावच्या शाळेत नववीच्या वह्या तपासत होते. त्याच दिवशी धुळ्याला पोहोचता आलं असतं... गेले नाही. त्यांच्या बायकोला, काकूंना, तोंड दाखवायची हिंमत तीन आठवड्यांनी झाली.

धुळ्यात नानांचा फोटो स्टुडिओ होता. कॉलेजात असताना गावची एसटी येईपर्यंत मी तिथेच अभ्यास करायची. आमच्या घरात शिकलेलं कुणी नव्हतं. प्रकाशाचा धडा मला खरा समजला तो नानांच्या काउंटरवर. कामातून सवड मिळाली की ते आपल्या जुन्या डिजिटल कॅमेऱ्याला एक काळाकुट्ट फिल्टर लावत. डोळ्यांना दिसणारा प्रकाश तो अडवतो, तांबड्याच्या पलीकडचा, न दिसणारा तेवढा आत सोडतो. पण कॅमेऱ्याच्या आतली काच तोही बहुतेक गाळून टाकते. म्हणून भर दुपारी, कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून, वीस-वीस सेकंद थांबावं लागे. मग कडुनिंब कापसासारखा पांढरा उमटे.

"ती काच काढूनच टाका ना," मी एकदा म्हटलं.

"आणि मग याच कॅमेऱ्याने काढलेल्या लग्नाच्या फोटोत नवरी जांभळी आली, तर तिच्या बापाला तू समजावशील का?"

मीच त्यांना गावी नेलं. आई निंबाशेजारी उन्हात उभी राहिली. वडील बाजूने चिडवत होते, "आज पहिल्यांदाच गप उभी शे!" आठवड्याने नाना प्रिंट घेऊन आले. झाड पांढरं, आकाश काळं, आईचा चेहरा मेणासारखा... आणि कपाळ कोरं. कुंकूही कातडीसारखाच तो प्रकाश परत फेकतं, म्हणून दोन्ही एक झालं होतं.

"नाना, मन्हं कुकू कोठे शे?" आईने विचारलं. नानांनी समजावलं, ती हसली, फोटो भिंतीवर लागला.

दीड महिन्यात वडील शेतातच छातीत कळ येऊन गेले. दहाव्याला नाना आले. आत्याने सगळ्यांसमोर तो फोटो भिंतीवरून ओढून काढला. "जित्ता मानूसनी बायकोनं कुकू पुशी टाकं त्यानी!" तिच्या लेखी वडिलांना त्या फोटोनेच नेलं होतं. नानांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात भौतिकशास्त्र शिकणारी मी एकटीच होते. एक वाक्य पुरलं असतं. मी मान खाली घालून पाण्याचे पेले भरत राहिले. नाना चपला घालून निघून गेले. त्यानंतर एसटी स्टँडला जाताना मी स्टुडिओची गल्ली टाळू लागले... ती नऊ वर्षं टाळली.

परवा शेवटी त्यांच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी कपाटातून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. गच्चीवर उभ्या काकू, मागे पांढरीशुभ्र तुळस, आणि कपाळावर ठसठशीत काळा गोल.

"तुझ्या आईने कुंकू कुठे म्हणून विचारलं ना, त्याच दिवशी यांनी मला उन्हात उभं केलं. कुंकवावर काजळ लावलं. म्हणे, काजळ उमटतं. तुझ्या आईचा तसा पुन्हा काढणार होते." काकूंनी कपाट लावून घेतलं. "दहाव्याला हाच पिशवीत घेऊन गेले होते. लोक काय बोलताहेत ते कानावर आलं होतं. म्हणाले, पोरगी समजावून सांगेल, मी नुसता दाखवीन."

फोटो माझ्या हातात होता. मान वर करून काकूंच्या कपाळाकडे पाहणं मला जमलं नाही.