आण्णांनी घर गोल केलं

"ह्ये कोपरं कशाला ठिवलंय?"

कुठलीही लाकडी वस्तू दिसली की आण्णा आधी तिच्या कडेवरून अंगठा फिरवायचे आणि मग हे विचारायचे. जणू कोपरे मीच हौसेनं पाळले होते. मी साताऱ्यात तीस वर्षं भूमिती शिकवली. काटकोनाची अशी बेअब्रू दुसऱ्या कुणी केली असती, तर मी त्याला ओट्यावर बसू दिलं नसतं.

आण्णा कातारी. लाकूड लेथवर फिरवायचं आणि त्याला पटाशी टेकवून गोल करायचं, हा त्यांचा धंदा. दुकान माझ्या दारासमोर, मागे घर. औंधला यमाईच्या जत्रेत त्यांची लाटणी आणि भोवरे हातोहात खपायचे. पुढे लाटणी कारखान्यातून येऊ लागली, पोरांनी भोवरे सोडले, आणि आण्णा दिवसभर बंद लेथ पुसत बसू लागले. त्याच सुमारास आण्णांच्या बायकोच्या, आमच्या वहिनींच्या, डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. ऑपरेशनचं नाव काढलं की त्या देवापुढे जाऊन बसायच्या. एकदा अंदाज चुकून पडल्या आणि खाटेच्या चौकोनी पायावर कपाळ फुटलं.

त्याच दिवशी आण्णांनी खाटेचे पाय काढून लेथला लावले. मग जे सुटले ते सुटलेच! टेबलाचे पाय झाले, देव्हाऱ्याचे खांब झाले, कपाटाचे पाय झाले. शेवटी स्वयंपाकघराच्या दाराची चौकट उपसली. चौकट लांब, लेथ आखूड, म्हणून एक टोक रस्त्यात स्टुलावर टेकवलं. अर्धा दिवस रिक्षा दुसऱ्या गल्लीतून गेल्या. गोल चौकटीत दार बसणार कसं, असं मी विचारलं तर म्हणाले, न्हाई बसलं तर बेसच, दाराला चार कोपरं असत्यात.

आता वहिनींना काही लागणार नव्हतं. पण आठवड्याभरात निराळंच झालं. वहिनी घराच्या मधोमध उभ्या राहून हाका मारू लागल्या, "आवं, मी कुठं हाय?"

बाई कोपऱ्यांवरच चालत होत्या हो! खाटेची धार हाताला लागली की डावीकडे स्वयंपाकघर, टेबलाची कड लागली की पुढे मोरी. आता जिथे हात लावावा तिथे सारखंच गुळगुळीत. एकदा त्यांनी कपाटाला उदबत्ती ओवाळली आणि चहाचं आधण मोरीत नेऊन ठेवलं. आम्ही हसलो, त्या रडल्या.

"मी तिचं घरच पुसून टाकलं की, गुरुजी," आण्णा म्हणाले. एवढे पडलेले आण्णा मी कधी पाहिले नव्हते. मलाही आपण हसल्याची लाज वाटली.

पण कातारी गप्प बसतो होय? गोल लाकडात दोन खाचा पाडल्या की मधे फुगवटा राहतो, त्याला ते मणी म्हणत. त्यांनी सगळं पुन्हा लेथवर चढवलं. स्वयंपाकघराला एक मणी, मोरीला दोन, देवाला तीन, खाटेला चार. वहिनी बोटांनी मोजत घरभर फिरू लागल्या. पाहुण्यानं मोरी विचारली तर उत्तर यायचं, "दोन मण्यांवर." चांगले डोळस लोक खांब चाचपत जायचे. मीही गेलोय.

दर पंधरवड्याला आण्णांना एखादा मणी बुजल्यासारखा वाटायचा. लगेच नवीन बाभूळ, नवा खांब. लेथ पुन्हा दिवसभर घरघरू लागला. वहिनी मोजत चालल्या की आण्णा पटाशी हातात तशीच धरून दुकानाच्या दारातून बघत उभे राहायचे.

मागच्या वर्षी मुलगी वहिनींना सांगलीला, विश्रामबागेत आपल्या घरी घेऊन गेली आणि गोडीगुलाबीनं ऑपरेशन करून आणलं. महिन्याने वहिनी परतल्या, खांबाला हात लावून म्हणाल्या, "कायबी फरक न्हाई." आण्णा दुकानात गेले आणि लेथ सुरू केला.

गेल्या महिन्यात आण्णा झोपेतच गेले. तेरावा झाल्यावर मी वहिनींसमोर जाऊन बसलो.

"गुरुजी, शर्टाची बटनं खालीवर लावलीत," वहिनी म्हणाल्या.

मी खाली पाहिलं. खरंच लावली होती.

"वहिनी, तुम्हाला दिसतंय?"

"सांगलीत पट्टी काढली तवापास्नं."

"मग आण्णांना का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं, तर दिसभर काय केलं असतं त्येंनी?"

च्या टाकते म्हणत त्या उठल्या आणि कशालाही हात न लावता सरळ स्वयंपाकघरात गेल्या.