आईचा रकाना

तिन्हीसांजेला चुलीपुढे बसलेली आई, तिच्या डाव्या हातात कुळथाच्या पिठाची वाटी, उजव्या हातात रिकामा डाव, आणि मान वळवून मला विचारलेला तो रोजचा प्रश्न – "आज काय करू गो जेवायला?" बालपणातलं एकच चित्र जपायची मुभा मिळाली, तर मी हे जपेन. वाटीतलं पीठ पाहता उत्तर ठरलेलंच असे. तरीही ती विचारी, आणि मीही, जणू जगातले सारे पदार्थ आमच्या फळीवर मांडून ठेवले आहेत अशा थाटात, क्षणभर विचार करून सांगे, "पिठीच कर. पण लसूण करपवू नकोस."

ऐंशीच्या दशकातलं आमचं गाव देवरूखपासून तासाभराच्या चालीवर, डोंगराच्या कुशीत होतं. बाबा मुंबईला एका कारखान्यात होते. शिमग्याला आणि गणपतीला येत, आणि त्यांच्या पिशवीतल्या बिस्किटांचा वास घरातून जाण्याआधीच परत निघत. उरलेलं वर्षभर घरात आम्ही दोघीच. दोन माणसांच्या घराला एक विशिष्ट शांतता असते... भांडं आपटलं तरी ती मोडत नाही, फक्त थोडी सरकते. त्या शांततेत गंधच काय ते बोलत. वैशाखात उकडलेल्या फणसाच्या आठळ्यांचा मातकट, गोडसर वास, पावसाळ्यात ओल्या लाकडाचा धूर आणि त्यावर तरंगणारी आमसुलाच्या साराची आंबट वाफ, भाद्रपदात अळू, थंडीत काळ्या वाटाण्याच्या आमटीतलं भाजलेलं खोबरं. घरात कॅलेंडर होतं, पण ऋतू मात्र मी नाकाने ओळखत असे.

आवडीनिवडी मला फार होत्या, आणि त्यांचा मला अभिमान होता. पिठी पातळ नको, तांदळाची भाकरी कडेला कडक नको, शेवग्याच्या पाल्याची भाजी मुळीच नको. मासे तर घरातही नकोत. पाच वर्षांची असताना बांगड्याच्या कालवणाचा वास येऊन मी ओकले होते, आणि पुढे दोन दिवस त्या पातेल्यात केलेला भातही तोंडात घेतला नव्हता. त्यानंतर आमच्या चुलीवर मासे शिजले नाहीत. कोळीण टोपली घेऊन वाडीत आली, की शेजारच्या बायका धावत. आई मात्र ओटीवर तांदूळ निवडत बसे आणि सुपावरची नजर उचलत नसे. ती केळशीची, खाडीकाठी वाढलेली, हे मला माहीत होतं. पण माहिती आणि निष्कर्ष यांच्यामधली वाट त्या वयात मला दिसत नसे.

सातवीत असताना विज्ञानप्रदर्शनासाठी मी एक तक्ता केला – 'आमच्या घरातील आहाराच्या आवडीनिवडी : एक निरीक्षण'. पांढऱ्या कार्डशीटवर आडव्या ओळींत अठरा पदार्थ, आणि उभे तीन रकाने : बाबा, आई, मी. महिनाभर रोज संध्याकाळी मी पाटावर वही घेऊन बसले. बाबांचा रकाना भरण्यासाठी मुंबईला पत्र पाठवलं, कारण ते निरीक्षणाच्या कक्षेत नव्हते. आईला मात्र काही विचारलं नाही. ती तर समोरच होती! गुरुजींनी सांगितलं होतं, की जे दिसतं तेच लिहायचं. आणि मला दिसत होतं, की आई खिरीचं पातेलं चमच्याने निपटून घेते, अर्थात खीर आवडते. शेवग्याचा पाला दुसऱ्यांदा वाढून घेते, अर्थात आवडतो. मासे आणत नाही, रांधत नाही, टोपलीकडे पाहतही नाही. लाल स्केचपेनने, माझ्या सर्वांत सुवाच्य अक्षरात, तिच्या रकान्याच्या शेवटच्या ओळीत मी लिहिलं : 'मासे – आवडत नाहीत.'

देवरूखच्या प्रदर्शनात तक्त्याला पहिलं बक्षीस मिळालं. आई निळ्या काठाची ठेवणीतली साडी नेसून आली होती. ती अक्षरावर बोट ठेवून सावकाश वाचत असे. स्वतःच्या रकान्यासमोर ती बराच वेळ उभी राहिली. बोट अगदी शेवटच्या ओळीपर्यंत गेलं, तिथे थांबलं, आणि मग तिने ते पदरात घेतलं.

"अक्षर सुंदर आलंय गो," ती म्हणाली.

तक्ता आता रत्नागिरीला, जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जायचा होता. मधल्या आठवड्यात तो स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगला होता. आणि नेमका तेव्हाच मुलीच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन बाळामामा केळशीहून आला. चहाचा कप हातात घेऊन त्याने तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला आणि एवढ्या मोठ्याने हसला, की चहा बशीत सांडला.

"गो बाय, ह्या काय लिवलंस? हिला म्हावरं नको?" तो आईकडे वळला. "आणि माझ्या ताटातलं बांगड्याचं डोकं पळवायचीस ती कोण होती गो? मांजर?"

"दादा, पुरे."

"अगो, पण लेक शास्त्रज्ञ झाली तुझी, आणि तिची आईसच तिला ठाऊक नाय!"

मी आईकडे पाहिलं. "आई, तुला मासे आवडतात?"

तिने तक्त्याकडे पाहिलं, त्याच्या कोपऱ्यात टाचलेल्या बक्षिसाच्या चिठ्ठीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "लहानपणी आवडायचे. आता नाय आवडत."

"मग बदलू? खोडून लिहिते हवं तर."

"राहू दे. एवढं सुंदर अक्षर आहे. खाडाखोड कशाला उगाच?"

ती खोटं बोलते आहे, हे मला कळलं. हे इथे स्पष्ट लिहिते, कारण नंतरच्या वर्षांत मी स्वतःला पुष्कळदा असं समजावलं, की तेव्हा मी लहान होते. बारा वर्षांच्या मुलीला आईचा आवाज ओळखता येतो. पण लाल शाई पुसता येणारी नव्हती. चौकोनावर कागदाचा तुकडा चिकटवावा लागला असता. तो परीक्षकांना दिसला असता. आणि मला रत्नागिरी जिंकायची होती. मी तक्ता गुंडाळला आणि दोरा बांधला.

रत्नागिरीत बक्षीस मिळालं नाही. तक्ता परत आला आणि भिंतीवर पुन्हा लागला. त्या दिवसापासून आई त्या तक्त्याबरहुकूम जगू लागली. लग्नाकार्यात कोणी आग्रह करी, तेव्हा ती हसून सांगे, "मला नको, माझ्या लेकीने लिहून ठेवलंय." लोक हसत. मीही हसत असे... आणि घरी आल्यावर भिंतीकडे न पाहता अभ्यासाला बसे. एक गोष्ट मात्र तेव्हाही माझ्या लक्षात आली होती : कधीमधी शाळेतून परतावं, तर परसातल्या तीन दगडांत निखारे विझत आलेले असत, आणि आईच्या हातांना लिंबाचा पाला चुरगाळल्याचा वास येई. मी तिची नोंद केली नाही. तिच्यासाठी माझ्याकडे रकाना नव्हता.

पुढे मी शिकायला पुण्याला गेले, मग प्रयोगशाळेत लागले. सुट्टीत घरी यावं, तर तीच चूल, तीच वाटी, तोच प्रश्न. आणि मी चार दिवसांत आपल्या आवडीचं सारं खाऊन परत जाई. उरलेल्या दिवसांत ती कोणाला विचारत असेल, हा विचार मला प्रश्न म्हणूनही सुचला नाही.

तीन वर्षांपूर्वी, आषाढात आई गेली. आमच्याकडे दिवसकार्य उरकलं, की दुसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं पान वाढायची रीत आहे. त्या पानाला सोवळंओवळं नसतं. आत्या स्वयंपाकघरात उभी राहून विचारत होती, "वहिनीला काय आवडायचं रे?" बाबा उंबऱ्यात बसले होते. सारी हयात मुंबईत काढलेल्या त्या माणसाने आत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मग भिंतीवरच्या त्या पिवळ्या पडलेल्या तक्त्याकडे बोट केलं. "पोरीने लिहिलंय सगळं."

आत्या वाचू लागली. "खीर. शेवग्याचा पाला. घावन. मासे नकोत..."

"मासे आवडायचे तिला," मी म्हणाले. "ते चुकीचं लिहिलंय. मला ठाऊक होतं."

बाहेर पाऊस कोसळत होता. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या. ताजा मासा कुठून मिळणार? तेवढ्यात कोपऱ्यातला बाळामामा उठला, मिठाच्या बरणीमागे हात घालून त्याने एक पुडी काढली. माझ्या जुन्या वहीच्या पानात बांधलेले दोन खारे बांगडे.

"दर वैशाखात थोडे आणायचो," तो म्हणाला. "पोरीस सांगू नको म्हणायची. तिला वास सोसत नाय."

परसातल्या ओल्या दगडांवर छत्री धरून मी ते बांगडे भाजले. वास सोसवला नाही, हे खरं. डोळ्यांना पाणी आलं, त्यात धुराचा वाटा किती ते मला सांगता येणार नाही. तिथे, त्या दगडांपाशी, एकटी उभी राहून ती हे खात होती... तिला कोणी "आणखी वाढू का?" विचारायला नव्हतं. पान वाढून झाल्यावर मी आत आले. प्रयोगशाळेत आम्हांला पहिला नियम शिकवला होता : चुकीची नोंद पुसायची नाही, झाकायची नाही, तिच्यावर एकच रेघ ओढायची, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी बरोबर ते लिहून सही करायची. तेवढं केलं.

तक्ता आता पुण्याला माझ्या खोलीत आहे. तिन्हीसांजेला स्टोव्ह पेटवण्याआधी मी त्याच्यासमोर काही वेळ उभी राहते, कारण आज काय करायचं हे ठरवायला मला वेळ लागतो. एकट्या माणसाला कशाचीच फारशी भूक नसते. आईच्या रकान्यात एका ओळीवर रेघ आहे. उरलेल्या सतरा नोंदी जशाच्या तशा आहेत – खीर आवडते, पाला आवडतो, पिठी आवडते... त्यांतल्या खऱ्या किती, हे पडताळून पाहायचा आता कोणताही मार्ग माझ्यापाशी नाही.