पलंगाखाली कोणी नाही, तपासलं आहे

माझ्या धाकट्या भावाने पंचेचाळीस वर्षं पलंग केले आणि स्वतः जन्मभर जमिनीवर झोपला. लोकांना यात गंमत वाटायची. त्याच्या गल्लीतलं शेंबडं पोरसुद्धा पाहुण्याला सांगायचं, "तो बघा पलंगवाला, त्याच्या घरी पलंगच नाही." मला कधी हसू आलं नाही, कारण मला कारण माहीत होतं. निदान माझ्या वाटणीचं तेवढं तरी माहीत होतं.

सुरुवातीपासून सांगते. लांबण लावणार नाही.

आमचे वडील लोखंडी टाक्या जोडणाऱ्या कारखान्यात वेल्डर होते. घराएवढ्या टाक्या. शिडीने आत उतरायचं आणि सांधे भरायचे. मी बारा वर्षांची होते, धाकटा चार. एका दुपारी त्यांच्याबरोबरचे दोघे जण टोप्या हातात धरून दारात उभे राहिले. आईने त्या टोप्यांकडे पाहिलं आणि बाबा गेले, हे तिला विचारावं लागलं नाही. टाकीत वायू साठला होता, एवढंच पुढे कळलं. त्या दोघांनी बाबांचं सामान टेबलावर ठेवलं. जेवणाचा डबा, काळा चष्मा आणि कातडी हातमोजा. एकच, डाव्या हाताचा. कोपरापर्यंत येणारा, मनगटापाशी लोखंडी बटण असलेला.

"आणि दुसरा?" धाकट्याने विचारलं.

त्यांच्यातला म्हातारा खाकरला. "तो खाली राहिला, बाळा. टाकीत."

मी तिथेच उभी होते. ऐकलं आणि विसरून गेले.

त्यानंतर आई स्वयंपाकघरात झोपायला लागली आणि आम्हा भावंडांच्या वाट्याला पुढच्या खोलीतला उंच पायांचा पलंग आला. खाली दोन पत्र्याच्या ट्रंका. दिवा भिंतीला होता आणि मला वाचायचं असायचं, म्हणून भिंतीकडची बाजू माझी. कडेला तो. त्याने एकदा विचारलंही, "ताई, आज तू कडेला झोपतेस?" मी पुस्तकातून मान वर न करता नाही म्हणाले.

मग 'खालचा' आला.

"कोण खालचा?"

"पलंगाखालचा."

"दिसतो कसा?"

"दिसत नाही. हात घेतो."

"पाय नाही घेत? पाय तर केवढे लांब आहेत तुझे."

"पाय नको असतात त्याला. हातच." इतक्या गंभीरपणे सांगायचा, की एखाद्या सरकारी कचेरीचा नियम सांगतोय असं वाटावं.

त्याने बाबांचा तो हातमोजा घेतला, त्यात चिंध्या आणि भुसा ठासून भरला, वरचं तोंड सुतळीने आवळलं आणि पलंगाच्या कडेला बांधला. बोटं खाली लोंबकळत. हेतू असा, की खालच्याने हात वर केलाच तर त्याला आधी हा लागेल आणि आपला वाचेल. रोज सकाळी तो बोटं मोजायचा. मी दात घासता घासता विचारायची, "काय रे, करंगळी तरी खाल्ली का तुझ्या पाहुण्याने?" तो मोजून सांगायचा, "नाही. पाच आहेत."

अशी पाच वर्षं गेली. तो नऊ वर्षांचा झाला, मी सतरा. माझी कॉलेजच्या शिष्यवृत्तीची परीक्षा तोंडावर आली होती आणि विज्ञान माझ्या डोक्यात भरलं होतं. विज्ञान सतराव्या वर्षी डोक्यात भरलं की माणूस फार वाईट वागतो. सुतळी सैल होऊन मोजा पडला की हा मला उठवायचा, कारण खाली वाकून तो उचलायची याची हिंमत नव्हती. माझी झोप जायची, दुसऱ्या दिवशी गणितं चुकायची. मी ठरवलं, प्रयोग करायचा. मोजा नाहीसा करायचा. रात्र जाईल, काही होणार नाही, पोराला आपोआप कळेल.

रविवारी आई त्याला केस कापायला घेऊन गेली आणि मी मोजा शेगडीत घातला.

कातडं जळताना काय दुर्गंधी सुटते, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नव्हतं. आई दारातच थबकली. "हे काय जळलं?"

"दूध उतू गेलं."

"दूध होतं कुठे घरात?" आई म्हणाली. मग तिने खिडकी उघडली आणि पुढे काही विचारलं नाही.

धाकट्याने घरभर शोधलं. कपाटं, कोळशाची पेटी, आईचे बूट. सगळं संपलं तेव्हा एकच जागा उरली. कान झाकतील एवढी घट्ट टोपी घालून तो पलंगासमोर पालथा पडला आणि झाडूच्या दांड्याने एकेक ट्रंक बाहेर ओढायला लागला. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून, पुस्तक समोर ठेवून वाचत होते. "ताई, तू बघितलास?" त्याने विचारलं. "मला काय विचारतोस? आपली वस्तू आपण सांभाळावी," मी म्हणाले.

त्या दिवसापासून तो जमिनीवर झोपायला लागला. गार दगडी फरशी. हिवाळाभर खोकत होता. आईने रागवून पाहिलं, तर म्हणाला, "खाली झोपलं की खाली काही राहतच नाही." खालच्याचं नाव मात्र त्याने परत काढलं नाही. प्रयोग यशस्वी झाला, असं मी धरून चालले. मला शिष्यवृत्तीही मिळाली.

पुढे मी शाळेत पदार्थविज्ञान शिकवायला लागले आणि तो सुतार झाला. इतर कामं बेताची करायचा, पलंग मात्र असे की हात फिरवत राहावं. पण सगळे खालून बंद. फळ्या थेट जमिनीला टेकलेल्या. गिऱ्हाइकं कुरकुरायची.

"अहो, झाडू कुठून घालायचा?"

"घालायचाच नाही. तिथे जागाच नाही, तर कचरा येईल कुठून?"

ज्यांच्या घरी आधीच पायांचे पलंग होते आणि भ्यायलेली मुलं होती, त्यांच्याकडे तो स्वतः जायचा. मुलाला शेजारी बसवायचा, टॉर्च घेऊन पलंगाखाली उताणा सरकायचा, चारी कोपरे ठोकायचा. मग कानावरची सुतारी पेन्सिल काढून फळीच्या खालच्या अंगाला लिहायचा: 'पलंगाखाली कोणी नाही, तपासलं आहे.' तारीख, सही. मुलाला आत बोलावून वाचायला लावायचा. एका चिमुरडीने त्याला अडवलं. "पण त्याला वाचता येत नसेल तर?" हा दोन दिवस विचारात होता. त्यानंतर सहीशेजारी स्वतःचा पंजा टेकवून त्याची रेघ काढायला लागला. त्या गावात अजून किती पलंगांखाली त्याचा पंजा असेल, देव जाणे.

माझ्या लग्नातला पलंग त्यानेच केला. मी बजावलं होतं, "मला पाय हवेत, खाली सामान ठेवायचंय." बंदच आणला. वर उशाच्या फळीत, बाहेरच्या कडेला, एक काळा गोल ठिपका.

"हा डाग कसला?"

"लाकडाची गाठ."

"गाठ एवढी गोल?"

"असतात काही गाठी गोल. तू शाळेत शिकव ताई, मला लाकूड शिकवू नको."

छप्पन्न वर्षं झोपले त्या पलंगावर. बत्तीस वर्षं नवऱ्याशेजारी, उरलेली एकटी. दर पॉलिशच्या वेळी त्या ठिपक्याला नावं ठेवली.

लग्न त्याने केलं नाही. एक मुलगी जवळजवळ ठरली होती. तिने सहज विचारलं, आपला पलंग कसा करणार? हा फळीला रंधा मारत राहिला. ती वाट बघून निघून गेली.

गेल्या वर्षी तो पडला, खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण आजची तारीख त्याच्या डोक्यातून सुटली ती सुटलीच. जुनं तेवढं राहिलं. चौऱ्याऐंशीव्या वर्षी मी काय त्याला उचलणार? रुग्णालयाच्या मागे अंथरुणाला खिळलेल्यांचा वॉर्ड होता, तिथे ठेवला. चाकांचा लोखंडी पलंग. उंच, खालून सताड उघडा.

शुक्रवारी सकाळी तिथल्या सिस्टरने मला बाजूला घेतलं. "आजी, हे हात बाहेरच काढत नाहीत. दोन्ही पाठीखाली दाबून ठेवतात. सुई लावता येत नाही, मनगटं सोलवटलीत. डॉक्टर म्हणाले, सोमवारपर्यंत बघू, नाहीतर पट्ट्याने कठड्याला बांधावे लागतील."

पलंगाच्या कडेला, हात बांधून.

"गादी जमिनीवर टाका ना."

"मोडलेल्या खुब्याने? उचलणार कोण त्यांना?"

मी बाजारातून पुठ्ठे आणले, पलंगाच्या चारी बाजूंनी खाली लावून घेतले. धाकट्याने मान वळवून पाहिलं. "पुठ्ठा आहे," तो म्हणाला. असा अपमान त्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये शिकाऊ पोरांनीच ऐकला असेल. "लाथ मारली की गेला." पुसायला आलेल्या बाईने संध्याकाळी ते काढूनही टाकले.

शनिवारी मी हत्यारांच्या दुकानात गेले आणि वेल्डरचा हातमोजा मागितला.

"आजी, वेल्डिंग करणार?" दुकानदार हसला.

"हो. तुझ्या तोंडापासून सुरुवात करते."

घरी कापूस भरला, सुतळी बांधली आणि कठड्याला टांगला. धाकट्याने नाक पुढे केलं.

"नवा आहे."

"मग? हातच आहे ना?"

"त्याला बाबांचे ओळखीचे. एक घेतलाय त्याने. खाली राहिला ना, टाकीत."

मी स्टुलावर बसले. दारातले ते दोघे, त्यांच्या हातातल्या टोप्या, म्हाताऱ्याचं खाकरणं, सगळं समोर उभं राहिलं. मोजा खाली राहिला, असं म्हातारा म्हणाला होता. चार वर्षांच्या पोराने हात ऐकला. आणि पोरांना विज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या मला हे कळायला बहात्तर वर्षं लागली.

"ऐक," मी म्हणाले. "बाबांचा मोजा हरवला नव्हता. मी जाळला."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"शेगडीची राख कोण टाकायचं?" तो म्हणाला. "बटण सापडलं."

"मग बोलला का नाहीस?"

"तुझी परीक्षा होती."

वॉर्डात कोणीतरी भांडं पाडलं. मी त्याच्याकडे बघू शकत नव्हते, म्हणून कठड्याची सुतळी सोडत बसले.

"कुठे आहे ते बटण?" मी शेवटी विचारलं.

"तुझ्याकडे. उशाला." त्याने डोळे मिटले. "तू भिंतीकडे झोपायचीस ना. लग्न झाल्यावर कडेला झोपावं लागेल, म्हणून."

रविवारचा अख्खा दिवस मी स्क्रूड्रायव्हर घेऊन त्या फळीशी झटत होते. त्याने बसवलेली वस्तू, सहजी निघते थोडीच. बटण निघालं तेव्हा फळी वरपासून खालपर्यंत चिरली होती. त्याच्या हातच्या सगळ्यात सुंदर पलंगाची मी वाट लावली आणि सोमवारी डॉक्टर यायच्या आधी वॉर्डात पोचले.

बटण त्याच्या नाकाशी धरलं. मग पाठीखालून डावा हात निघाला, सुजलेला, पांढराफटक. त्याने बटण मुठीत धरलं आणि मूठ पांघरुणावर ठेवली.

"आणि दुसरा?"

"एकच आहे ना," तो म्हणाला.

"दुसरा मी धरते. आण."

त्याने उजवा हात माझ्या हातात दिला. डॉक्टरांनी पाहिलं, म्हणाले, सुईला एक पुरे, पट्टा नको. ते गेले आणि मी तशीच बसून राहिले. असे अकरा दिवस. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा. सहाला घंटा व्हायची, मी हात सोडायची, आणि दाराशी जाऊन मागे पाहावं तर तो परत पाठीखाली गेलेला असायचा. सहाच्या पुढे थांबू द्या, म्हणून मी भांडले. नियम नाही, म्हणाले.

बाराव्या दिवशी मी पोचले तर पडदा ओढलेला होता. सिस्टर म्हणाली, पहाटे गेले, झोपेतच. एक हात वर होता, मूठ उघडत नाहीये.

"उघडू नका," मी म्हणाले.

त्याला नेलं. गाद्या काढलेला तो पलंग तसाच उभा होता. मी कठड्याला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा, मग फरशीवर गाल लावून खाली पाहिलं.

"आजी! पडलात का? काय हरवलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "बघतेय."

चार चाकं, एक कापसाचा बोळा, पुठ्ठ्याचा फाटका तुकडा. बाकी कोणी नव्हतं. परक्यांच्या पोरांसाठी तो शेकडो वेळा असा खाली सरकला. त्याच्यासाठी वाकून बघायला आमच्या खोलीत मी एकटी होते, आणि मी वाचत बसले होते.