कोंडलेली पात

रोवण्याच्या दिवसात हात चिखलात अन् तोंड रिकामं! म्हणून आमच्या बायांच्या टोळीत किस्से कधी सरत नाईत. जुना सांगून होत नाई तं नवा घडते. हसायचे लय हायेत, पण आज शीतलचे सांगते. ते सांगतानी हसू येते अन् मधातच पदर डोळ्याले लागते.

मी वनिता. चामोर्शीकडच्या आमच्या गावच्या टोळीची म्होरकी. मले ओरडल्याशिवाय बोलता येत नाई, आधीच सांगून ठेवते.

आमचा एक जुना खेळ हाये. धानाचे परे, ती बारकी रोपं, रोवतानी हरेक बाईची आपली पात असते, म्हणजे आपला पट्टा. रोवत रोवत मागं सरकायचं. जी हळू चालते, तिच्या दोन बाजूच्या बाया पुढं निघून तिच्या पाठीमागून आडवं रोवून टाकतात अन् ओरडतात, "कोंडली व कोंडली!" चारी बाजूले परे, मधात बाई! रोवलेल्या पऱ्यावर पाय द्यायचा नाई, हा पक्का नियम. मंग ती बिचारी उभी राह्यते शिव्या देत.

शीतल लग्न होऊन आली अन् पहिल्याच रोवण्यात कोंडली. कोंडली कोनी? तिच्याच सासूनं! कौसल्याबाई म्हणजे आमच्यातली सगळ्यात फास्ट. शीतल पोट धरून वाकलेली, ओठ पांढरेफक्क.

"पाळी आली तिले," कौसल्याबाई म्हणते. "मले का येत नव्हती? मी तं गर्भाची पिशवी काढून आली अन् पुढच्याच रोवण्याले पात धरली! लाडावलेली हाये ही!"

*

शीतलचं दुखणं काई साधं नव्हतं, बापा. पाळीच्या आधी चार दिवस सुरू व्हायचं. कंबर, मांड्या, संडासले बसली तरी जीव जायचा. तिचा नवरा मंगेश एकदा तिले दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं पोट दाबलं, म्हणे अपेंडिक्स! काढून टाकला. सारे खुश.

पुढच्या महिन्यात पोरगी परत जमिनीवर लोळून राह्यली. मंगेश घाबरून माह्याकडं धावत आला.

"वनिताबाई, डाव्या बाजूले बी असते का वो अपेंडिक्स?"

*

मंग दुसरा डॉक्टर. तो म्हणे, "काही टेन्शन नाही, एक मूल झालं की थांबेल." लग्नाले दोन वर्सं झाली तरी मूल तं होत नव्हतं. म्हणून तिसऱ्याकडं गेले. तो म्हणे, "इतकं दुखतं म्हणजे आत गडबड असेल, म्हणून मूल होत नाही."

आमची इंदू परे वाटता वाटता हे सारं ऐकत होती. इंदूची जीभ म्हणजे विळा!

"वा रे वा! लेकरू झाल्याबिगर दुखणं थांबत नाई अन् दुखणं थांबल्याबिगर लेकरू होत नाई. मंग पोरीनं करावं काय, दोघा डॉक्टरले एका खोलीत कोंडावं?"

हसून हसून बाया चिखलात बसल्या. शीतल बी हसली. हसतानी पोटाले हात लावून होती.

*

गडचिरोलीले सोनोग्राफी केली. रिपोर्ट नॉर्मल! मंगेशनं पेढे आणले, टोळीतबी वाटले. मी पेढा तोंडात टाकला अन् पायते तं शीतल बोरिंगमागं बसून ढसाढसा रडून राह्यली.

"अवं, नॉर्मल आला ना! रडते काऊन?"

"म्हणूनच तं रडते, बाई. आता माहं कोनी खरं मानन का?"

 तिचं खरंच झालं. त्याच दिवशी कौसल्याबाईनं साऱ्या टोळीसमोर सांगून टाकलं, "नाटक हाये सारं! काम नाई, लेकरू नाई. रोवणा आटपला की बापाले बोलावते. घेऊन जा म्हणते आपली पोरगी." मंगेश तिथीच उभा होता. चपलेचा चिखल काढत राह्यला.

*

माहं डोस्कं सणकलं. शीतलले घेऊन मीच निघाली चंद्रपूरले. सून घरच्याबिगर जाते म्हणून कौसल्याबाईबी बसली एसटीत, तोंड फुगवून.

तिथल्या डॉक्टरीणबाईनं आधी सारं ऐकून घेतलं. मंग मोठी तपासणी केली. म्हणाल्या, "गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तसं हिच्या पोटात बाहेरही वाढलंय. पाळीत तेही सुजतं, रक्त सोडतं. याला एंडोमेट्रिओसिस म्हणतात. गोळ्यांनी आराम पडेल, नाही पडला तर दुर्बिणीनं ऑपरेशन. पुन्हा होऊ शकतं, पण जगता येतं नीट. मूलही होऊ शकतं. आणि हे नाटक नाही."

"म्हणजे बांधीतलं धान भायेर धुऱ्यावर, वावराच्या बांधावर उगवलं," मी म्हटलं. "तसंच समजा," म्हणाल्या.

शीतल परतीच्या एसटीत पूर्ण रस्ताभर पुटपुटत होती, "एंडो... मेट्रि... ओसिस." पोट्टी हसत होती हो! बिमारीचं नाव भेटलं म्हणून हसणारी बाई मी पहिल्यांदा पायली.

पण निघतानी डॉक्टरीणबाईनं कौसल्याबाईले सहज विचारलं होतं, "तुमची पिशवी कशासाठी काढली होती?"

"मले काई म्हाईत नाई," म्हणून ती भायेर निघून गेली. गाव येईपर्यंत खिडकीकडं तोंड. अन् शीतलच्या बापाले दिलेला निरोप काई तिनं माघारी घेतला नाई.

*

रोवण्याचा शेवटचा दिवस, धानाच्या वावराचा शेवटचा तुकडा, शेवटची बांधी. शीतलचा बाप धुऱ्यावर येऊन बसलेला, बाजूले तिची बॅग.  शीतल म्हणे, "पात पुरी करून जाते."

दुपारी तिले कळ आली. वाकली ती वाकलीच. एका बाजूले सासू, दुसऱ्या बाजूले इंदू. इंदूचे हात सवयीनंच चालले, शीतलच्या मागून आडवं रोवून टाकलं. "कोंडली व..." इतकं तोंडातून निघालं अन् तिथीच अटकलं. कोनी हसलं नाई.

शीतल गुडघ्यावर, पाण्यात. चारी बाजूले परे. बाप धडपडत उठला, पण दुसऱ्याच्या धानात पाय कसा टाकावा, म्हणून धुऱ्यावरच हात जोडून उभा. मी पाय ठेवायले जागा शोधून राह्यली.

तितक्यात कौसल्याबाई निघाली. सरळ! रोवलेल्या पऱ्यावरून, पचापच पाय टाकत!

"कौसल्या!" मी बोंबलली. "परे तुडवून राह्यली ना व!"

तिनं सुनेच्या काखेत हात घातला, उचललं, छातीशी धरलं. बापाकडं पाहून म्हणाली, "बॅग घरी ठेवा, इवाई. अन् गाडी पाहा कोनाची. चंद्रपूरले न्यायचं हाये हिले."

मंग माह्याकडं वळली. डोळे लाल झालेले.

"मोडले तेवढे रोवून देईन मी, वनिता. माह्या टायमाले, पिशवी काढली तवा, सारे धुऱ्यावरच उभे होते!"