जुळी डिस्क

आमचे शेजारी महाप्याच्या डेटा सेंटरमध्ये कंपन्यांचा डेटा सांभाळतात. मला पेन ड्राइव्ह काढतानाही धडधडतं, तरी लिफ्टमध्ये ते मलाच शिकवत. "एका डिस्कला जुळी डिस्क जोडायची. हिच्यावर लिहिलेलं तिच्यावर आपोआप उमटतं, बरं का. पण अधूनमधून जुळीला तोडून बाजूला ठेवायचं. जोडलेली राहिली तर हिच्यावर पुसलेलं तिच्यावरूनही पुसलं जातं, बरं का." प्रत्येक 'बरं का'ला चष्मा वर सरकायचा.

गेल्या वर्षी त्यांची बायको, आमच्या वहिनी, गेल्या. घरातले फोटो, वहिनींचा आवाज, सगळं शेजाऱ्यांनी अशाच दोन डिस्कवर ठेवलं होतं. एका दुपारी त्यांना तो आवाज सहन होईना, म्हणून त्यांनी समोरच्या डिस्कवरून तो पुसला. दुसरीवर आहेच, या भरवशावर. ऑफिसात कधी न चुकणारा माणूस घरची जुळी तोडायला मात्र विसरला होता.

संध्याकाळी ते आमच्या दारात उभे. "तुमच्याकडे हिचा एखादा व्हॉइस मेसेज आहे का हो?"

एक होता. आळसापोटी मी फोनमधलं काही काढतच नाही.

"भावजी, गाडी परत आमच्या जागेत? लायसन्स काय लॉटरीत लागलं का तुम्हाला?"

त्यांनी तो उभ्यानेच पुन्हा पुन्हा ऐकला. मी पाठवायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"नको. माझ्या हातून परत जाईल. तुमच्याकडेच असू दे."

आता दर रविवारी ते येतात, चहा नको म्हणतात, आणि मी त्यांच्यासमोर वहिनींची बोलणी खातो.